‘मोह’ : वृक्षनामाची व्युत्पत्ती आणि एक गैरसमज

फ्रान्समधील ‘बोजोले’ हे हलके, फलगंधी तांबडे मद्य गामे जातीच्या द्राक्षांपासून होते; नाव मात्र द्राक्षाचे नसून प्रदेशाचे आहे, आणि प्रदेशाला ते बोजो या गावावरून मिळाले. १९३७ पासून या नावास कायद्याचे संरक्षण आहे. नाव हे मद्याच्या प्रतिष्ठेचा आधार कसे होते, याचे हे उदाहरण होय. चंद्रपूर व गडचिरोली जिल्ह्यांच्या अरण्यात मात्र नावानेच एका वृक्षाविषयी गैरसमज निर्माण केलेला दिसतो.

तेथील गावठी मद्य मोहाच्या फुलांचे. बुद्धीला मोह पाडते म्हणून ‘मोह’, अशी पुष्कळांची समजूत आहे. व्युत्पत्ती तिला आधार देत नाही. भ्रमवाचक ‘मोह’ संस्कृत ‘मुह्’ धातूपासून झाला. वृक्षाचे संस्कृत नाव ‘मधूक’ असून त्याचे नाते ‘मधु’ शब्दाशी, म्हणजे गोडीशी आहे. प्राकृतात दोन स्वरांमधील ‘ध’चा ‘ह’ झाला, ‘क’ लोपला आणि ‘महुअ’ हे रूप सिद्ध झाले. त्यापासून हिंदीत ‘महुआ’ व मराठीत ‘मोह’. मधमाश्यांच्या ‘मोहोळा’तही ‘मधु’चाच अवशेष आहे. याच वृक्षाला तेलुगूत ‘इप्प’, तमिळमध्ये ‘इलुप्पै’ व गोंडीत ‘इरुप’ म्हणतात. परस्परसंबद्ध अशा या द्राविडी नावांत भ्रमाचा अर्थ मुळीच नाही. तात्पर्य, मराठीतील दोन ‘मोह’ केवळ उच्चाराने एक झाले आहेत.

हा भेद केवळ शब्दशास्त्राचा नाही. मार्च-एप्रिलमध्ये पहाटे गळून पडणारी मांसल, शर्करायुक्त फुले वेचून वाळवतात. ती अन्न म्हणून खातात, विकतात. बियांचे, म्हणजे टोळांचे, तेल काढतात. फुले आंबवून व ऊर्ध्वपातन करून दारू काढणे हा अनेक उपयोगांपैकी एक. तरीही १९४९ च्या मुंबई दारूबंदी कायद्याने फुलांवरही निर्बंध घातले. महाराष्ट्र शासनाने फुलांच्या संकलन, साठवण व वाहतुकीवरील निर्बंध २०२१ मध्ये शिथिल केले. गडचिरोलीत १९९३ मध्ये लागू झालेली दारूबंदी हा त्याहून निराळा प्रश्न आहे. दारूविषयी मत कोणतेही असो, तिचा दोष फुलावर लादण्यास निदान त्याच्या नावाचा आधार घेता येणार नाही. ते नाव गोडीचे आहे, भ्रमाचे नव्हे.