लाइन गेली की घालवली?

2004 च्या नोव्हेंबरात एक्सबॉक्सवर ‘हेलो 2’ आला आणि थोड्याच दिवसांत अमेरिकेतल्या काही पोरांना एक शोध लागला. घरच्या केबल मोडेमवर ‘स्टँडबाय’ नावाचं बटण होतं. ते दाबलं की इंटरनेट थांबायचं, पुन्हा दाबलं की सुरू. या खेळात कंपनीचा वेगळा सर्व्हर नव्हता. खेळणाऱ्यांपैकीच एकाचा कन्सोल ‘होस्ट’ व्हायचा आणि कोण मेलं, कोण जगलं याचा निकाल तोच द्यायचा. होस्टने बटण दाबलं की बाकीच्यांचे पडदे गोठायचे. हा मात्र आपल्या पडद्यावर मजेत फिरायचा, उभ्या पुतळ्यांना गोळ्या घालायचा, झेंडा उचलायचा आणि बटण पुन्हा दाबायचा. बाकीच्यांना जाग यायची ती आपण मेलोय हे पाहायला.

ज्यांच्या मोडेमला बटण नव्हतं, त्यांनी ते घरी केलं. नेटवर्क केबलमधली तार कापायची आणि मध्ये दिव्याचं साधं बटण बसवायचं. हाच तो लॅग स्विच, म्हणजे मुद्दाम उशीर घडवणारं बटण. सोल्डरिंग येणाऱ्या कोणालाही तासाभरात जमेल असं काम, आणि खर्च किरकोळ.

होस्ट नसलेल्यालाही त्याचा फायदा व्हायचा. त्याच्याकडून बाहेर जाणारी माहिती थांबली की इतरांना तो जागच्या जागी थिजलेला किंवा भिंतीत चालत गेलेला दिसायचा. मग माहितीचा गठ्ठा एकदम पोचायचा आणि खेळ तो खरा मानायचा. खेळ इतका भोळा का? कारण त्याला मुद्दाम भोळं ठेवलं होतं. व्हॉल्व्ह कंपनीच्या यान बर्नियर यांनी 2001 मध्ये एका निबंधात ही पद्धत सविस्तर मांडली होती: खेळाडूचा संदेश उशिरा पोचला, तर सर्व्हरने घड्याळ थोडं मागे नेऊन, त्याने गोळी झाडली तेव्हा त्याला काय दिसत होतं ते तपासावं. टेलिफोनच्या तारेवरून रडतखडत खेळणाऱ्यांना न्याय मिळावा म्हणून केलेली ही सोय. सगळ्याच खेळांत ती याच रूपात नव्हती, पण उशीर झालेल्याला सांभाळून घ्यायचं हे धोरण बहुतेकांत होतं. लॅग स्विचने नेमका त्याच माणुसकीवर हात मारला.

आता आपल्याकडे, सुरतेत काय चित्र होतं ते पाहू. बीएसएनएलचं ‘डेटावन’ ब्रॉडबँड जानेवारी 2005 मध्ये सुरू झालं. तेव्हाच्या सरकारी व्याख्येनुसार 256 केबीपीएस म्हणजे ब्रॉडबँड. एक्सबॉक्स 360 भारतात आला 2006 च्या सप्टेंबरात, प्लेस्टेशन 3 त्यानंतरच्या एप्रिलमध्ये. काही प्लॅनमध्ये रात्री दोन ते सकाळी आठ डाउनलोड मोफत असे, म्हणून पोरं दोनचा गजर लावायची. युरोपात तेव्हा रात्रीचे नऊ-दहा वाजलेले, म्हणजे खेळाला भरपूर गर्दी. पण अंतर कुठे जाणार? काचेच्या तारेतून प्रकाश सेकंदाला साधारण दोन लाख किलोमीटर जातो. सुरतेहून सिंगापूर सरळ रेषेत चार हजार किलोमीटरच्या आसपास, म्हणजे जाऊन-येऊन किमान 40 मिलिसेकंद. प्रत्यक्षात केबल वळणं घेत जाते, मध्ये राउटर असतात, आणि पिंग, म्हणजे संदेशाला जाऊन-येऊन लागणारा वेळ, त्याच्या कितीतरी पट दिसतं. युरोप तर त्याहून लांब. त्यात सुरतेच्या उधना-लिंबायतसारख्या, लूमच्या खटखटाटात वसलेल्या आणि खानदेशी मराठी वस्ती मोठी असलेल्या भागात पावसाळ्यात फोनची लाइन खरखरू लागली की संपलंच.

म्हणजे सुरतेतला प्रामाणिक पोरगा समोरच्याच्या पडद्यावर हुबेहूब लबाडासारखाच दिसायचा. तसाच थिजणारा, तसाच उड्या मारणारा. लाइन गेली की घालवली, हे पलीकडच्याला कळायला मार्ग नाही. मग शिव्या मिळायच्या, नाहीतर खेळाच्या ऑनलाइन खोलीतून हकालपट्टी.

लॅग स्विचची बाजू घेणाऱ्यांचं म्हणणं ठरलेलं असतं: तार माझी, नेट माझं, मी तुमच्या सॉफ्टवेअरला हात लावला नाही. कायद्याच्या नजरेने यात थोडं तथ्यही आहे. दक्षिण कोरियाने 2016 च्या अखेरीस खेळांचे हॅक बनवणं आणि वाटणं हा गुन्हा ठरवला, पाच वर्षांपर्यंत कैदेची तरतूद केली. आपल्याकडे स्वतःच्या घरातली तार तोडली म्हणून कोणी पकडत नाही. फार तर कंपनी अकाउंट बंद करते. पण डाव एकट्याचा नसतो. गल्लीत ‘टाइम प्लीज’ म्हणणारा निदान मूठ तोंडाशी नेऊन सगळ्यांना ऐकू जाईल असं ओरडतो आणि मग स्वतःही थांबतो. इथे थांबतात बाकीचे, आणि ओरडायचा तर प्रश्नच नाही. रडीचा डाव म्हणतात तो हाच.

ऑक्टोबर 2018 मध्ये शांघायच्या स्पर्धेत ऑप्टिक इंडिया संघाचा निखिल कुमावत ‘काउंटर-स्ट्राइक’ खेळताना पकडला गेला. संगणकात ‘वर्ड’ या नावाने दडवलेली, नेम धरून देणारी फाइल सापडली. संघ बरखास्त झाला, त्याच्यावर पाच वर्षांची बंदी आली. ती चोरी उघड होती, पुरावा हातात होता. लॅग स्विचवाला असा पुरावा ठेवत नाही. तो खराब लाइनचं सोंग घेतो, आणि माझ्या मते त्याचा खरा गुन्हा एक डाव चोरण्याचा नाही. ज्यांची लाइन खरोखर खराब आहे, त्यांना मिळणारा संशयाचा फायदा तो खाऊन टाकतो.

पुढे तारेची कथा बदलली. 2016 च्या जूनमध्ये ॲमेझॉनने मुंबईत डेटा सेंटर सुरू केली, सप्टेंबरात जिओ आलं. मोठे खेळ कंपन्यांच्या स्वतःच्या सर्व्हरवर गेले, आणि होस्टच नाही म्हटल्यावर बटणाची निम्मी जादू ओसरली. उरलेली जादू कडक नियमांनी संपवली, पण उशिरा येणाऱ्या संदेशाला मिळणारी सवलतही त्यात कमी झाली. भुर्दंड लांबच्या आणि गरीब लाइनवाल्यांना पडला.

दरम्यान सुरतेने सरकारी हातातलं बटणही पाहिलं. ऑगस्ट 2015 मध्ये पाटीदार आंदोलन पेटलं तेव्हा मोबाइल इंटरनेट जवळपास आठवडाभर बंद होतं. 2019 च्या मार्चमध्ये राजकोटसारखीच सुरतेतही पब्जीवर बंदी आली. राजकोटला तर खेळताना दिसलेल्या पोरांना अटक झाली. लबाडीवर मात्र त्या आदेशांचा रोख नव्हता. खेळणं हाच अपराध.

एक गंमत सांगतो. 2018 च्या जकार्ता आशियाई स्पर्धेत ई-स्पोर्ट्स प्रात्यक्षिक म्हणून होते आणि भुजच्या तीर्थ मेहताने ‘हार्थस्टोन’मध्ये कांस्य मिळवलं. हा पत्त्यांचा खेळ, आळीपाळीने चालणारा. मिलिसेकंदाला तिथे किंमत नाही. गुजरातच्या पोराचं ई-स्पोर्ट्समधलं पदक अशाच खेळात यावं, याचं मला नवल वाटत नाही.

ऑगस्ट 2025 च्या कायद्याने पैशांच्या खेळांवर बंदी घालताना ई-स्पोर्ट्सला मान्यता दिली. आता सुरतेत कोणी स्पर्धा भरवणार असेल, तर माझं एवढंच सांगणं आहे: खेळाडूंना एका छताखाली बोलवा आणि कन्सोल, केबल, लाइन सगळं आयोजकांनी पुरवा. घरून खेळवायचंच असेल, तर लाइन तुटल्यास डाव पुन्हा खेळवायचा की गेला धरायचा, हे पहिल्या सामन्याआधी लिहून द्या, आणि तो नियम सगळ्यांना सारखाच लावा.