घरचे कर्ज कसे फेडावे

तुमच्या घरावर कर्ज किती आहे, असे कोणी विचारले तर आपण काय सांगतो? "आहे थोडेफार." आकडा सांगत नाही. लाज वाटते म्हणून सांगत नाही, हे खरे. पण पुष्कळदा आकडा आपल्यालाच ठाऊक नसतो. सावकाराचे वेगळे, बँकेचे वेगळे, दुकानदाराचे वेगळे. सगळे एका कागदावर कधी मांडलेलेच नसते.

आता तुम्हांला लिहिता-वाचता येते. तेव्हा सुरुवात तिथूनच करू. एक वही घ्या.

समजायला सोपे जावे म्हणून एक घर डोळ्यांसमोर आणू. घर कल्पनेतले आहे, पण शोधले तर तुमच्या गल्लीतही सापडेल. सोलापूरच्या पूर्व भागात दोन खोल्यांचे हे घर. घरधनी मागावर काम करतो. वय ४६. त्याची बायको घरी विड्या वळते. तिचे वय ४२. घरात म्हातारी आई आहे, दहावीतला मुलगा आहे. थोरल्या मुलीचे लग्न दोन वर्षांपूर्वी झाले. दोघांचे मिळून महिन्याला १९,००० रुपये येतात.

एका रविवारी नवरा-बायको वही घेऊन बसले. मुलाने लिहून घेतले. सावकाराचे ४०,००० रुपये, मुलीच्या लग्नासाठी काढलेले, व्याज महिन्याला शेकडा ३. सोने ठेवून बँकेचे ५०,०००, आईचा खुबा मोडला तेव्हाचे, व्याज वर्षाला शेकडा १२. बायकांच्या गटातून घेतलेले फायनान्सचे कर्ज, बाकी २४,०००, व्याज वर्षाला शेकडा २४, हप्ता २,२७० रुपये, अजून बारा हप्ते. मुलाच्या मोबाइलचे सहा हप्ते, दर हप्ता १,५००, म्हणजे ९,०००. किराणा दुकानाची उधारी ६,०००. मेहुण्याकडून हातउसने १५,०००.

बेरीज झाली १,४४,००० रुपये.

आकडा ऐकून घरधनी उठून बाहेर जाऊन उभा राहिला. त्याला वाटले होते, असतील साठ-सत्तर हजार. हा दिवस वाईट जातो. तो तसा जाणारच. पण त्या दिवसानंतर कर्ज वाढले तरी वहीत दिसते, घटले तरी दिसते.

आता व्याजाकडे बघा. सावकाराचे व्याज शेकडा ३. ऐकायला तीनच रुपये. पण ते महिन्याचे आहे. चाळीस हजारांवर महिन्याला १,२०० रुपये होतात. वर्षाला १४,४००. दोन वर्षांत या घराने २८,८०० रुपये दिले. आणि सावकाराचे देणे आजही ४०,०००च आहे! दिले ते सगळे व्याजात गेले. मुद्दलाला एक पैसा लागला नाही. बँकेचे शेकडा १२ हे आकड्याने मोठे वाटते, पण ते वर्षाचे आहे. महिन्याला शेकडा १ पडते. म्हणजे सावकाराचे व्याज बँकेच्या तिप्पट. कर्ज काढताना नेहमी विचारावे, "हे व्याज महिन्याचे की वर्षाचे?" हा एक प्रश्न न विचारल्याने पुष्कळ घरे बुडाली आहेत.

कायदाही माहीत असावा. महाराष्ट्रात २०१४ साली सावकारी नियमनाचा कायदा झाला. सावकाराजवळ परवाना पाहिजे. शेतकरी नसलेल्या माणसाला तारण न घेता दिलेल्या कर्जावर वर्षाला शेकडा १८ च्या वर व्याज लावता येत नाही. आपल्या घरावरचे व्याज वर्षाला शेकडा ३६ होते, म्हणजे बरोबर दुप्पट. दिलेल्या पैशाची पावती मिळणे हा तुमचा हक्क आहे. व्याजही मुद्दलापेक्षा जास्त वसूल करता येत नाही. आपले जुने लोक यालाच दामदुप्पट म्हणत. तक्रार करायची तर तालुक्याला सहकारी संस्थांचे सहायक निबंधक असतात, त्यांच्याकडे अर्ज करावा.

कोऱ्या कागदावर सही मात्र कधीच करू नका. १२ मे १८७५ रोजी पुणे जिल्ह्यातल्या सुपे गावी शेतकरी सावकारांवर उठले. त्यांना मुख्यतः हवे होते ते कर्जरोख्यांचे कागद. ते हिसकावून त्यांनी जाळले. चार वर्षांनी, १८७९ साली, सरकारला दख्खनच्या शेतकऱ्यांसाठी वेगळा कायदा करावा लागला. त्या लोकांना कागद वाचता येत नव्हता. तुम्हांला येतो. वाचून, आकडा बघून, मगच सही करा.

बरे, पैसा आणायचा कुठून?

घरधन्याच्या मनात पहिला विचार आला डबल पाळीचा. "चार महिने दोन पाळ्या मारतो, मोकळे होऊ." विशीत हे चालले असते. शेचाळिसाव्या वर्षी चालत नाही. मागावर सबंध पाळी उभे राहायचे, नजर तुटलेल्या धाग्यावर. पाय सुजतात, डोळे चुरचुरतात. दोन महिने जास्त कमवायचे आणि तिसऱ्या महिन्यात दवाखान्यात घालवायचे, यात फायदा काय? आणि एक गोष्ट चाळिशी उलटलेल्या माणसाने ध्यानात ठेवावी. मागावर उभे राहण्याची आता बारा-तेरा वर्षे उरली. साठीला कर्ज डोक्यावर असले तर ते फेडणार कोण? मुलगा. म्हणून शरीर सांभाळून फेडायचे. माझे मत विचाराल तर या वयात मिळकत वाढवण्यापेक्षा घराची चाल थोडी हळू करणे जास्त खात्रीचे.

दुसरा विचार येतो, एक कर्ज काढून दुसरे फेडावे. महागाचे कर्ज फेडण्यासाठी स्वस्त कर्ज मिळत असेल तर ते शहाणपणाचे आहे. पण या घरातले सोने आधीच बँकेत होते. आणि पुष्कळ ठिकाणी असे होते की नवे कर्ज येते, जुने अर्धेच फिटते, आणि मग दोन्ही राहतात.

तेव्हा खर्चाची पाने उघडली. महिनाभर रोज रात्री लिहिले. १९,००० मधून सावकाराचे व्याज १,२००, बँकेचे व्याज ५००, गटाचा हप्ता २,२७० आणि मोबाइलचा १,५००, असे ५,४७० जात होते. उरलेल्या १३,५३० मध्ये घर. त्यातले काय निघते ते शोधायचे होते.

घरधनी दिवसाला दोन मावे खात होता. वीस-वीस रुपयांचे. महिन्याला १,२०० रुपये. सावकाराच्या व्याजाइतकेच! त्याने एकदम सोडला नाही, एकावर आणला. ६०० वाचले. (पूर्ण सोडला असता तर तोंडाचा रोगही टळला असता, पण माणूस आहे.) बाहेरचे दोन चहा होते, एक केला, ३०० वाचले. कामावर रिक्षाने जात होता. माळ्यावरची जुनी सायकल काढली. दुरुस्तीला ३५० रुपये लागले, ते रद्दी आणि भंगार विकून आले. वीस मिनिटे आधी निघावे लागते एवढेच. ८०० वाचले. घरात तीन मोबाइल होते, त्यातल्या एकाचे रिचार्ज बंद केले, २५० वाचले. किराणा रोज पुडीपुडीने येत होता, उधारीवर. उधारीवर घेणाऱ्याला भाव विचारता येत नाही. आता यादी करून महिन्याचा एकदम, रोख. ज्वारी पोत्याने घेतली. बायकोने भाकऱ्या जास्त करून कडक वाळवून ठेवल्या, बरोबर शेंगाचटणी. बिस्किटांचे पुडे थांबले. तिथे ५५० वाचले.

सगळे मिळून २,५०० रुपये. मोठे असे काहीच सोडले नाही. आईचे औषध आणि मुलाची फी यांना हात लावला नाही. तिथे काटकसर करू नये.

हे २,५०० सगळ्यांना थोडे थोडे वाटायचे का? नाही. सगळे एकाच ठिकाणी, सर्वांत महागड्या कर्जावर. बाकीच्यांचे ठरलेले तेवढेच द्यायचे. सावकाराला आता महिन्याला ३,७०० जाऊ लागले. पहिल्या महिन्यात १,२०० व्याज गेले, २,५०० मुद्दलात गेले. राहिले ३७,५००. दुसऱ्या महिन्यात व्याज कमी झाले, १,१२५. म्हणून मुद्दलात २,५७५ गेले. राहिले ३४,९२५. तिसऱ्या महिन्यात व्याज १,०४८, राहिले ३२,२७३. बघा, देणारा तेवढेच देतो, पण दर महिन्याला व्याज खाली उतरते आणि मुद्दलाला जास्त लागते. सहा महिन्यांनी मोबाइलचे हप्ते संपले. ते १,५०० चैनीला न जाता सावकाराकडेच गेले. अकराव्या महिन्यात ५,२१७ रुपये दिले आणि सावकार मिटला. सही केलेला कागद परत घेतला, पूर्ण फेडीची पावती घेतली.

लिहायला हे सोपे आहे. घरात सोपे नव्हते. पाचव्या महिन्यात पुतण्याचे लग्न निघाले. थोरल्या भावाच्या घरचे कार्य. आहेर, कपडे, जाणे-येणे धरून आठ-दहा हजारांचा खर्च. घरधनी म्हणाला, "गेलो नाही तसे, तर लोकं काय म्हणतील? पुन्हा सावकाराकडून दहा आणू." त्या रात्री दोघांत बोलाचाली झाली. सकाळी बायकोच जाऊबाईंकडे गेली. म्हणाली, "अक्का, तुमच्यापासून काय लपवायचं? आमच्या डोक्यावर कर्ज आहे. यंदा भारी आहेर होणार नाही. पण मी चार दिवस आधी येते, पोळ्यांचं सगळं माझ्याकडे." अक्का काही वेळ गप्प राहिल्या. मग म्हणाल्या, "आधी सांगितलंस ते बरं केलंस. आमचं तरी कुठं रोखीचं आहे?" लग्नात दोन बायका कुजबुजल्या, नाही असे नाही. पण वहीत दहा हजार वाढले नाहीत. मावा सोडण्यापेक्षा हे अवघड होते.

फायनान्सच्या कर्जाबद्दल थोडे. हा हप्ता या घराने एकदाही चुकवला नाही. कारण तुम्ही चुकवला की गटातल्या बाकीच्या बायकांवर ओझे येते. पण वसुलीवाल्यांनाही नियम आहेत. रिझर्व्ह बँकेचे नियम एप्रिल २०२२ पासून लागू झाले. वर्षाला तीन लाखांपर्यंत मिळकत असलेल्या घराला हे विनातारण कर्ज मिळते. घरावरचे सगळे हप्ते मिळून महिन्याच्या मिळकतीच्या निम्म्यापेक्षा जास्त होता कामा नयेत. मुदतीआधी फेडले तर दंड नाही. सकाळी नऊच्या आधी आणि संध्याकाळी सहानंतर तगादा लावायचा नाही, शिवीगाळ करायची नाही.

सावकार मिटल्यावर त्याचे पैसे सोन्याकडे वळले. बाराव्या महिन्यात गटाचा शेवटचा हप्ता गेला, तेव्हा तेही त्यात मिळाले. सोने तारण असेल तर मुदत विसरू नका. मुदत संपली आणि तुम्ही गेलाच नाहीत, तर दागिन्यांचा लिलाव होऊ शकतो. या घराने व्याज वेळेवर भरून मुदत वाढवून घेतली होती. दिवाळीला ९,००० बोनस आला. त्यातून दुकानदाराचे ६,००० दिले. उरलेले ३,००० डब्यात ठेवले, आजारपणासाठी. त्या डब्यामुळे पुन्हा सावकाराची पायरी चढावी लागली नाही.

हिशेबाने सोने अठराव्या महिन्यात सुटते, आणि विसाव्या महिन्यात मेहुण्याचे देणे फिटते. हा कागदावरचा हिशेब झाला. मध्ये माग महिनाभर बंद पडला, आईला ताप आला. चार महिने जास्त लागले. दोन वर्षे धरा.

सोने सोडवायला दोघेही गेले. ठेवतानाच्या पावतीवर वजन लिहिलेले होते. बायकोने आधी दागिने काट्यावर ठेवायला सांगितले, आकडा स्वतः वाचला, पावतीशी ताडून पाहिला, मग सही केली. दोन वर्षांपूर्वी तिथेच तिने अंगठा उठवला होता.

मेहुण्याला पैसे द्यायला घरधनी सायकलवर गेला. मेहुणा म्हणाला, "दाजी, घाई काय होती?" घरी आल्यावर मुलाने वहीतल्या शेवटच्या नावावर आडवी रेघ ओढली. वहीची निम्मी पाने अजून कोरी होती. दुसऱ्या दिवसापासून त्यांवर दूध, ज्वारी आणि गॅसचा हिशेब सुरू झाला.