माळकऱ्याच्या घरचं मटण

शाकाहारावर लिहावं ते डॉक्टरांनी नाहीतर जैन मुनींनी, असा आपल्याकडे समज आहे. मला या विषयाचं वेड लागलं ते माळकऱ्यांमुळे. मराठा, कुणबी, धनगर, माळी अशा पिढीजात मटण खाणाऱ्या घरातला माणूस पंढरीला जातो, गळ्यात तुळशीची माळ घालून घेतो आणि घरी येतो तो वशाट सोडूनच. वैद्याचा सल्ला नाही, कुणाची सक्ती नाही. मांस कमी खा म्हणून जगात आता मोहिमा निघतात. आपल्याकडे हे काम कित्येक पिढ्या विनाबोभाट चाललंय.

इतिहास उरकून टाकतो. महावीर आणि बुद्ध सगळ्यांना ठाऊक आहेत. मला आवडतो तो अशोकाचा गिरनारचा पहिला लेख. राजाच्या मुदपाकखान्यात पूर्वी रोज लाखोंनी प्राणी मारले जात. आता दोन मोर आणि एक हरीण, तेही हरीण रोज नाही, आणि पुढे हे तीनही नाहीत, असं तो सांगतो. एवढा मोठा सम्राट, पण त्यानेही पायरीपायरीनेच सोडलं!

आता माळेकडे वळू. पंढरपुरात काशीकापडी समाजातली कुटुंबं पिढ्यान्‌पिढ्या या माळा करतात. तिथे गेलो की माझा पाय निघत नाही. तुळशीचं जून, वाळलेलं खोड घ्यायचं, साल काढायची, तुकडे करायचे, मणी कातायचे, भोक पाडायचं आणि ओवायचं. कारागिराच्या मांडीवर पिवळसर भुसा साचत जातो आणि बोलता बोलता एकशे आठ मणी दोऱ्यात जातात. माळ विठोबाच्या पायाला लावून एखाद्या महाराजांच्या हातून घालून घेतात. मद्यमांस वर्ज्य, एकादशीचा उपास आणि वारी, एवढं पत्करायचं. माळ तुटली तर ती पुन्हा ओवून गळ्यात पडेपर्यंत निष्ठावंत वारकरी पाण्याचा घोटही घेत नाही.

आणि बाकीचं घर? ते खातच असतं. आमच्या आत्या माळकरी, मुलगे पक्के खाणारे. मग मटण अंगणात तीन दगडांच्या चुलीवर, भांडी वेगळी, पळीसुद्धा वेगळी. काही माळकरी बायका त्या चुलीकडे फिरकतही नाहीत. आत्या मात्र स्वतः रांधायच्या. चव घेता येत नसे. त्या पातेल्यावर वाकून वास घ्यायच्या, वरचा तवंग बघायच्या आणि म्हणायच्या, "अजून चिमूटभर टाक गं." मीठ कधी चुकलं नाही. मुलांना त्यांनी कधी उपदेश केला नाही. थोरल्याने मात्र पन्नाशीत आपण होऊन माळ घातली.

खरं तर न-माळकऱ्यांचं खाणंही पूर्वी मापात होतं. गावात बोकड पडायचा तो जत्रेला, नाहीतर पाव्हणे आले तर. मग पानांवर वाटे लागायचे आणि एका वाट्यात भरपूर पाणी घालून सगळ्या घराला रस्सा पुरायचा. बोल्हाई देवीचे भक्त तर बोकडही खात नाहीत, त्यांना मेंढाच लागतो. त्यात देवाचे वार, एकादशा, श्रावण. किनाऱ्यावर कोळी नारळी पौर्णिमेपर्यंत होड्या ओढून ठेवायचे, कारण पावसाळ्यात मासळीची वीण होते. आज पश्चिम किनाऱ्यावर १ जून ते ३१ जुलै सरकारी मासेमारी बंदी असते; तिच्यामागेही हेच शहाणपण आहे.

हे माप बिघडवलं ब्रॉयलरने. कॅनडातल्या अल्बर्टा विद्यापीठात १९५७ च्या आणि २००५ च्या वाणाची कोंबडी एकच खाद्य देऊन वाढवली. ५६ दिवसांनी जुनी भरली ९०५ ग्रॅम, नवी ४,२०२ ग्रॅम! पाव्हण्यासाठी राखलेली कोंबडी अशी मंगळवारच्या डब्यात येऊन बसली. बाकीचे आकडेही सांगून टाकतो: मानवनिर्मित हरितगृह वायूंपैकी १४.५ टक्के पशुपालनातून येतात, असं संयुक्त राष्ट्रांच्या अन्न व कृषी संघटनेने २०१३ मध्ये मांडलं. आणि सॉसेज, सलामीसारखं प्रक्रिया केलेलं मांस कर्करोगकारक असल्याचं जागतिक आरोग्य संघटनेच्या संस्थेने २०१५ मध्ये जाहीर केलं.

म्हणून मांसाहाऱ्यांना फ्लॅट नाकारणाऱ्या सोसायट्यांचं मी समर्थन करतो असं कुणी समजू नये. तो शाकाहार नव्हे, ती जुनीच शिवाशिव. माळ स्वतःच्या गळ्यात घालायची असते, शेजाऱ्याच्या नव्हे.

ज्याला माळ झेपत नाही त्याने आजीचे वार तरी पाळावेत. सोमवार, गुरुवार, शनिवार, वर एकादशा आणि सबंध श्रावण. हिशेब करून पाहा, निम्म्याहून अधिक वर्ष निघून जातं. उरलेल्या दिवशी रस्सा खुशाल भुरकावा, फक्त वाटा जुन्या मापाचा घ्यावा.