एकाच इंजिनाचे दोन आकडे

घरच्या गॅरेजात १९७१ ची शेव्हरोले कमॅरो झेड-२८ दुरुस्त करायला घेतलेल्या माणसाला कागदोपत्री दोन आकडे सापडतात: ३३० आणि २७५ हॉर्सपॉवर. इंजिन मात्र एकच.

३३० ही ग्रॉस ताकद (इंजिन गाडीबाहेर, सायलेन्सर आणि एअर फिल्टरविना मोजलेली). २७५ ही नेट (सगळी जोडणी लावून मोजलेली). ठरलेला पगार आणि हाती पडणारा पगार, तसंच हे.

१९७२ पासून अमेरिकी कंपन्या नेट आकडाच छापू लागल्या आणि इंजिनं एका वर्षात दुबळी झाली, असा समज पसरला. त्या वर्षी झेड-२८चा आकडा होता २५५. म्हणजे खरी घट २० ची. उरलेली ५५ ची नुसती मोजमापातली!

त्यामुळे मूळ इंजिन काढून टाकण्याची घाई नको. आधी गंजलेला, अरुंद एक्झॉस्ट पाइप बदलून पाहावा. बरीच ताकद तिथंच अडलेली असते.