फोन कोणी करायचा?

आजचा विषय नर्सिंगचा, पण सुरुवात फौजेतूनच करतो. लेफ्टनंट म्हणून पलटणीत पोहोचलो तेव्हा खांद्यावर तारे माझ्या होते, अक्कल सुभेदार साहेबांकडे होती. जवानांसमोर त्यांनी मला कधी दुरुस्त केलं नाही. एकट्यात विचारायचे, "साब, आपने क्या सोचा है?" माझं ऐकून घेऊन मगच स्वतःचं सांगायचे.

दोन वर्षांपूर्वी गुडघ्याच्या ऑपरेशनसाठी नोएडात एका हॉस्पिटलात होतो, तिथे हाच प्रश्न पुन्हा कानावर आला. रात्रपाळीची नर्स यवतमाळकडची, चार वर्षांचं बीएस्सी नर्सिंग करून नुकतीच लागलेली. मला काका म्हणायची. रात्री दोनच्या सुमारास शेजारच्या खाटेवरच्या पेशंटचं बीपी उतरू लागलं. त्यांचं पोटाचं ऑपरेशन झालेलं. नाडी वाढलेली, लघवीच्या पिशवीत भर पडेना. काहीतरी बिघडतंय हे पोरीला कळत होतं, पण डॉक्टरांना झोपेतून उठवायचं आणि ते ओरडले तर? ती मोठ्या सिस्टरांकडे धावली. सिस्टर केरळच्या, वॉर्डात वीसेक वर्षं काढलेल्या. त्यांनी पेशंटला नीट पाहिलं आणि फोन तिच्याच हातात दिला. "तुमको क्या लगता है? वही बोलो. मैं इधर ही खड़ी हूँ."

कॉलेज आणि वॉर्ड यांतल्या या दरीला अमेरिकेच्या मार्लीन क्रेमर यांनी १९७४ साली 'रिॲलिटी शॉक' म्हटलं. पॅट्रिशिया बेनर यांनी १९८४ मध्ये नवखी ते निष्णात अशा पाच पायऱ्या मांडल्या. पदवी मिळाली म्हणून पायऱ्या गाळता येत नाहीत.

डॉक्टरांना फोनवर काय सांगायचं याचीही एक शिस्त आहे, 'एसबार'. ती अमेरिकन नौदलाच्या अणुपाणबुड्यांतून दवाखान्यांत आली. (फौजेकडूनही चांगलं काही शिकतात लोक!) आधी परिस्थिती, मग पार्श्वभूमी, मग आपला अंदाज, शेवटी काय करावं याची शिफारस. पहिल्या दोन गोष्टी चार्ट वाचून सांगता येतात. पुढच्या दोन स्वतःच्या जबाबदारीवर बोलाव्या लागतात, आणि नवी मुलगी नेमकी तिथेच अडखळते. मेंटॉरचं खरं काम तिथे असतं. फोन हिसकावला तर पेशंट सुरक्षित राहील, पण मुलगी आहे तिथेच राहील. निघून गेलं तर दोघंही धोक्यात. मात्र सीनियरकडे स्वतःचेच भरपूर पेशंट असतील तर ती उभी तरी कधी राहणार? कागदावर मेंटॉर नेमणं मला शुद्ध फसवणूक वाटते.

पोरीचा आवाज थरथरत होता. "आतून ब्लीडिंग असावं वाटतंय, सर. तुम्ही आत्ताच येऊन बघा." डॉक्टर आले, पेशंटला परत थिएटरात नेलं, सकाळपर्यंत ते सावरले.

पुढच्या रात्री पुन्हा फोनची वेळ आली. या वेळी तिने आधी फोन केला, मग सिस्टरांना सांगायला गेली.