पुढं काय होणार, हे कोण ठरवतं?

(आकाशवाणीवरील भाषणाचा संपादित भाग)

आमच्या घरापासून दोन घरं सोडून एक काकू राहायच्या. १९८४ साली आमच्या गल्लीत टीव्ही होता तो फक्त त्यांच्याकडे. दूरदर्शनवर 'हम लोग' लागायची वेळ झाली, की त्यांच्या पुढच्या खोलीत सतरंजी अंथरली जायची आणि निम्मी गल्ली तिथं येऊन बसायची. त्या मालिकेत भागवंती नावाची आई होती. नवरा दारुडा, पदरी पाच मुलं, नवऱ्याची आणि सासूची बोलणी खात ती निमूटपणे घर ओढायची. ती पडद्यावर आली, की काकू पदरानं डोळे टिपायच्या आणि म्हणायच्या, "बाई असावी तर अशी."

मी तेव्हा शाळेत होतो. मला प्रश्न पडायचा तो वेगळाच. हे सगळं लिहितं कोण? आणि पुढच्या भागात काय होणार, हे त्याला आधीपासून ठाऊक असतं का?

मालिका पाहणाऱ्या प्रत्येकाच्या मनात हा प्रश्न कधी ना कधी येतोच. म्हणून आज त्या 'हम लोग'च्याच निमित्तानं मालिका कशी लिहिली जाते, ते थोडं समजून घेऊ.

या गोष्टीची सुरुवात आपल्याकडे झाली नाही. १९६९ मध्ये दक्षिण अमेरिकेतल्या पेरू देशात 'सिंप्लेमेंते मारिया' नावाची मालिका सुरू झाली. खेड्यातून शहरात आलेली एक मोलकरीण शिवणकाम शिकते आणि त्या जोरावर मोठी होते, एवढीच तिची कथा. पण मालिका पाहून बायका शिवणकामाच्या वर्गांना जाऊ लागल्या, शिवणयंत्रांचा खप वाढला. लेखकानं हे योजलेलं नव्हतं. मेक्सिकोतल्या मिगेल साबिदो या लेखक-दिग्दर्शकानं मात्र त्यातून धडा घेतला. नकळत एवढं घडत असेल, तर ठरवून का घडवू नये?

साबिदोनं त्यासाठी एक आराखडा बांधला. मालिकेत तीन प्रकारची माणसं हवीत. काही चांगलं वागणारी, काही वाईट वागणारी आणि काही कुंपणावरची, म्हणजे मन डळमळतं आहे अशी. चांगल्यांचं शेवटी भलं होतं, वाइटांना किंमत मोजावी लागते. पण प्रेक्षकाचा जीव गुंततो तो कुंपणावरच्या माणसात, कारण तो स्वतः तिथंच उभा असतो. या पद्धतीनं साबिदोनं १९७५च्या सुमारास प्रौढ साक्षरतेवर आणि पुढं कुटुंबनियोजनावर मालिका केल्या.

ही कल्पना भारतात आली. तेव्हाचे माहिती व नभोवाणी मंत्री आणि आपल्या विदर्भाचे नेते वसंत साठे यांच्या मेक्सिको दौऱ्यापासून तिची सुरुवात झाली, असं सांगितलं जातं. लेखनाची जबाबदारी आली मनोहर श्याम जोशी यांच्याकडे. ते हिंदीतले नावाजलेले कादंबरीकार आणि 'साप्ताहिक हिंदुस्तान'चे संपादक. दिग्दर्शन पी. कुमार वासुदेव यांचं. ७ जुलै १९८४ रोजी पहिला भाग प्रक्षेपित झाला.

आणि सुरुवातीलाच गाडी अडली. पहिल्या तेरा भागांत कुटुंबनियोजनाचा उपदेश फार झाला. लोकांना शिकवणी नको होती, गोष्ट हवी होती. तशी पत्रं येऊ लागली. मग जोशींनी उपदेशाचा सूर खाली आणला आणि घरातल्या माणसांची भांडणं, स्वप्नं, फसगती पुढं आणल्या. बडकीचं लग्न जमेल का, सिनेमाचं वेड लागलेल्या मझलीचं काय होईल, छुटकी डॉक्टर होईल का, यांत देश गुंतला. प्रत्येक भागाच्या शेवटी अशोककुमार येऊन प्रेक्षकांशी दोन शब्द बोलायचे आणि पत्रांचा उल्लेख करायचे. मालिका डिसेंबर १९८५ मध्ये संपली. तोवर सुमारे चार लाख पत्रं आली होती, अशी नोंद आहे.

इथंच माझ्या शाळकरी प्रश्नाचं अर्धं उत्तर मिळतं. पुढं काय होणार, हे लेखकाला ढोबळपणे ठाऊक असतं. पण पूर्ण ठाऊक नसतं. कादंबरी वाचकाच्या हातात पडते तेव्हा ती लिहून संपलेली असते. मालिकेचं तसं नाही. तिचे आधीचे भाग लोक पाहत असतात, त्यावर बोलत असतात, आणि तिकडं लेखक पुढचे भाग लिहीत असतो.

दैनंदिन मालिकांचा जमाना आला, तेव्हा हे काम एका माणसाच्या आवाक्यातलं उरलं नाही. आठवड्याला पाच-सहा भाग, प्रत्येक भाग जाहिराती वगळून साधारण बावीस मिनिटांचा. म्हणून श्रेयनामावलीत कथा, पटकथा आणि संवाद अशी तीन वेगळी नावं दिसतात. कथाकार पुढच्या काही महिन्यांचा प्रवास आखतो. पटकथाकार त्यातून एकेका भागाचे प्रसंग पाडतो : कोण, कुठं, कोणत्या वेळी, आणि प्रसंग संपताना काय बदललेलं असेल. त्यानंतर संवादलेखक त्या माणसांच्या तोंडी भाषा घालतो. जाहिरातींच्या आधी उत्सुकता ताणायची आणि भाग संपताना एखादा धक्का ठेवायचा, हाही आखणीचाच भाग.

यात व्यवहारही असतो. एखाद्या कलाकाराच्या तारखा मिळत नाहीत, मग ते पात्र गावाला जातं. कुणी मालिका सोडतं, मग अपघात होतो किंवा परदेशी नोकरी लागते. लग्न दोन आठवडे चालतं, कारण दिवाणखान्याचा सेट उभा आहे आणि सगळे कलाकार एकत्र मिळाले आहेत. घरी बसून आपण म्हणतो, "काहीही दाखवतात!" त्या 'काहीही'मागे अनेकदा लेखकानं रात्रभर जागून काढलेली वाट असते.

आणि पत्रांची जागा घेतली टीआरपीनं. देशातल्या निवडक घरांत यंत्रं बसवलेली असतात. कोणती वाहिनी किती वेळ पाहिली, हे त्यांत नोंदलं जातं. २०१५ पासून 'बार्क' ही संस्था हे मोजमाप करते. दर आठवड्याला आकडे येतात आणि त्यावरून कथेचा एखादा धागा वाढतो, एखादा तुटतो. फरक एवढाच, की पत्रात माणूस 'का' ते लिहायचा. आकडा फक्त 'किती' ते सांगतो. नायिका रडली आणि आकडा वाढला, एवढंच लेखकाला कळतं. लोक तिच्या दुःखानं कळवळले, की तिच्या सोशिकपणाला त्यांनी मान डोलावली, हे आकड्यात दिसत नाही.

हे माझ्या ध्यानात आलं ते पुष्कळ वर्षांनी. अरविंद सिंघल आणि एव्हरेट रॉजर्स या अभ्यासकांनी 'हम लोग'च्या प्रेक्षकांची पाहणी केली होती. ती वाचताना मी एका ठिकाणी थबकलो. भागवंती हे पात्र आदर्श म्हणून लिहिलेलंच नव्हतं. ते होतं साबिदोच्या दुसऱ्या खणातलं. निमूट सोसलं की काय होतं, याचा तो इशारा होता. पण अनेक प्रेक्षकांनी, त्यांत बायकाही आल्याच, तिलाच आदर्श मानलं.

म्हणजे आमच्या काकू एकट्या नव्हत्या. त्यांचं चुकलं, असं म्हणायला मात्र माझी जीभ रेटत नाही. त्यांनी तिच्यात स्वतःला पाहिलं होतं. आयुष्यभर जे केलं त्याला कुणीतरी 'व्यर्थ' म्हणतं आहे, हे त्या कसं ऐकून घेणार? लेखकानं इशारा लिहिला, काकूंनी कौतुक वाचलं.

म्हणून चाहत्यानं जरूर विचारावं, की पुढं काय होणार. पण त्याबरोबर हेही विचारावं, की हिचं हे सोसणं मला का आवडतं आहे? 'हम लोग'ला चार लाख पत्रं गेली, त्यांत आमच्या काकूंचं नव्हतं. त्यांना लिहिता येत नव्हतं. आज पत्र लिहावंही लागत नाही. यंत्र बसवलेल्या घरात टीव्ही नुसता सुरू ठेवला तरी ते मोजलं जातं, आणि पुढचे भाग त्यावर ठरतात.