सुई आधी की व्यसन आधी?

गर्दच्या, म्हणजे हलक्या प्रतीच्या हेरॉइनच्या, व्यसनाविषयी वस्त्यावस्त्यांतून सभा भरविण्याच्या खटपटीत मी गेली काही वर्षे आहे, आणि प्रत्येक सभेत, कधी एखाद्या शिक्षकाच्या, कधी गृहनिर्माण संस्थेच्या चिटणिसाच्या, तर कधी ज्याचा मुलगा खरोखरच या विषाच्या आहारी गेला आहे अशा बापाच्या तोंडून, एकच आक्षेप ठरल्यासारखा ऐकू येतो : टोचून घेणाऱ्यांना कोऱ्या सुया फुकट वाटणे म्हणजे व्यसनाला सरकारी मंजुरी देणे होय, आणि उद्या आमची शाळेतली पोरेही त्या सुया हाती घेतील. बापाचे बोलणे मी मान खाली घालून ऐकतो. त्यामागे दुःख आहे. परंतु चौकशीची यत्किंचितही तसदी न घेता सुशिक्षित माणसे तेच वाक्य वर्षानुवर्षे उच्चारीत राहतात, तेव्हा मात्र माझा संयम सुटतो.

सुईच्या मोहाने कोणी गर्दकडे वळत नाही. मुंबईत गर्दची सुरुवात बहुधा पन्नीवरचा धूर ओढण्यापासून होते. सवय हाडीमाशी खिळली आणि खिशातला पैसा आटला, म्हणजे थोड्या मालात अधिक अंमल मिळावा म्हणून त्यांतले काही जण सुईकडे जातात. म्हणजे ज्याच्या हातात आमचा कार्यकर्ता कोरी सुई ठेवतो, तो मनुष्य त्यापूर्वीच टोचून घेत असतो. ती सुई त्याला नाकारली तर तो त्या दिवसापुरता व्रतस्थ राहत नाही. शेजारच्याने वापरलेली सुई मागून घेतो, आणि तिच्यात राहिलेल्या रक्ताच्या थेंबाबरोबर एचआयव्ही आणि हिपॅटायटिस-सी यांचे विषाणूही पत्करतो. राष्ट्रीय एड्स नियंत्रण संस्थेच्या २०२१ च्या अंदाजानुसार देशातील प्रौढांमध्ये एचआयव्हीचे प्रमाण शेकडा ०.२१ होते, तर त्याच वर्षीच्या पाहणीत टोचून व्यसन करणाऱ्यांमध्ये ते ९.०३ आढळले. या माणसांना बायका आहेत, मुले आहेत. तेव्हा हा आकडा त्यांच्यापाशीच थांबेल असे मानणे भाबडेपणाचे आहे.

सुयांनी व्यसन वाढते काय, या प्रश्नाचा छडाही केव्हाच लागलेला आहे. आम्स्टरडॅममध्ये १९८४ साली सुयांच्या अदलाबदलीस आरंभ झाला, आणि त्यानंतरच्या वीस वर्षांचा जगभरचा पुरावा तपासून जागतिक आरोग्य संघटनेने २००४ मध्ये असा निष्कर्ष काढला, की या उपक्रमांनी एचआयव्हीचा प्रसार घटतो, आणि त्यांमुळे नवे व्यसनी निर्माण झाल्याचा किंवा जुन्यांचे टोचणे वाढल्याचा विश्वसनीय पुरावा नाही. झुरिकचे उदाहरण तर याहून बोलके आहे. तेथील नियमित हेरॉइन घेऊ लागणाऱ्या नव्या माणसांची संख्या १९९० मध्ये सुमारे ८५० होती. ती २००२ पर्यंत १५० वर आल्याचे ‘लॅन्सेट’ या नियतकालिकाने २००६ साली प्रसिद्ध केले, आणि या मधल्या काळात ते शहर कोऱ्या सुया आणि हेरॉइनऐवजी द्यायचे मेथाडोन हे औषध उघडपणे पुरवीत होते. ही घट केवळ सुयांनी झाली असा माझा दावा नाही. पण सुयांनी पोरे बिघडतात हे विधान या आकड्यांपुढे टिकत नाही, एवढे तरी प्रामाणिक वाचकाने मान्य करावे.

शिवाय हे नुसते वाटप नव्हे, अदलाबदल आहे. वापरलेली सुई परत घेतली जाते, आणि जी परत येते ती मैदानातल्या गवतात किंवा सफाई कामगाराच्या तळहातात शिरत नाही.

‘हे बेकायदा आहे’ असे बजावणारेही सभेत असतात. त्यांनी २०१७ च्या एचआयव्ही व एड्स कायद्याचे २२ वे कलम वाचावे : संसर्ग टाळण्यासाठी रीतसर चाललेल्या अदलाबदलीत सुई देणारा आणि घेणारा, या दोघांवरही फौजदारी वा दिवाणी जबाबदारी येत नाही. अमली पदार्थांविषयीच्या १९८५ च्या कायद्यातही, सेवनाच्या गुन्ह्यातील जो व्यसनी स्वेच्छेने मान्यताप्राप्त ठिकाणी उपचार घेऊन ते पूर्ण करतो, त्याला खटल्यातून सूट देणारे ६४-अ हे कलम आहे.

सुयांबरोबरच गर्दऐवजी औषध म्हणून दिली जाणारी ब्युप्रेनॉर्फिनची गोळी म्हणजे एका नशेच्या जागी दुसरी नशा, हेही खरे नव्हे. जिभेखाली ठेवायची ही गोळी दिवसभर तलफ आवरून धरते, आणि सहसा केंद्रात कर्मचाऱ्यासमोर घ्यावी लागते. महिनाभर कोंडले की मनुष्य सुधारतो, हा समज तर प्राणघातक आहे : त्या अवधीत शरीराची सहनशक्ती ओसरते, आणि सुटल्यावर घेतलेली पूर्वीचीच मात्रा श्वास थांबवू शकते. व्यसन पूर्णपणे सोडविणे हाच खरा मार्ग, असे म्हणत काही जण पुण्याच्या मुक्तांगण व्यसनमुक्ती केंद्राचा दाखला देऊन मला निरुत्तर करू पाहतात. व्यसनी हा रुग्ण आहे हे १९८६ पासून महाराष्ट्राला शिकविणाऱ्या त्या केंद्राविषयी मला नितांत आदर आहे. मात्र ज्याला आज व्यसन सुटत नाही, त्याला ते सुटण्याच्या दिवसापर्यंत निरोगी ठेवणे हे त्याच कार्याचे अंग आहे.

आपल्या वस्तीत अशी सभा भरवायची असेल, तर औषधविक्रेत्यांना, सफाई कामगारांना, व्यसनींच्या आयांना आणि पोलीस ठाण्यालाही निमंत्रण द्यावे. पण जे टोचून घेतात किंवा पूर्वी घेत असत, त्यांना सर्वांआधी बोलवावे, त्यांची नावे विचारू नयेत, छायाचित्रे काढू देऊ नयेत. आणि वाचकहो, तुम्ही शंका घेऊन अवश्य या; फक्त त्यांचे बोलणे पुरे होईपर्यंत आपला आक्षेप राखून ठेवा.